चार बोटं

जीप बांधाच्या मधोमध आली आणि समोरून मिठागरावर राबणारी बायजाबाई आली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मिठानं शिगोशीग भरलेली टोपली. काळुरामनं ब्रेक दाबला आणि लगोलग हॉर्नही.

पेणच्या खाडीवरचा हा बांध म्हणजे जेमतेम एका गाडीची वाट. एका अंगाला मिठागराचं पाणी, दुसऱ्या अंगाला पुरुषभर खोल चिखल. शेजारच्या सीटवर नथानियल रोहेकर, सगळ्यांचे काका, बसले होते. रामवाडीत त्यांचं गॅरेज. त्याआधी वीस वर्षं फौजेत, लेहच्या रस्त्यावर ट्रक चालवलेले. आता त्यांची लेक नाओमी नवरा-पोरांसकट इस्राएलहून आली होती आणि तिला याच जीपनं मनालीवरून लेहला जायचं होतं. काकांचे गुडघे गेलेले, तेव्हा ड्रायव्हर हवा होता आणि आज त्याचीच पारख चालली होती.

आणि तो ड्रायव्हर म्हणजे आपणच, हे वरसे गावच्या काळुरामनं धरूनच ठेवलं होतं. बायकोनं भर मे महिन्यात बाजारातून स्वेटर आणला होता! गावात दारोदार दाखवूनही झाला होता. आता काकांनी नाही म्हटलं असतं तर गावात तोंड दाखवायची सोय उरली नसती.

"ए मावशे, सर की बाजूला!"

"कुठं सरू? खाडीत?" बायजाबाई जागची हलली नाही. "माजी टोपली भरलेली हाय, तुजी गाडी रिकामी. तूच जा मागं."

मागं? अर्धा बांध उलटा? आणि तेही काकांच्या देखत! छे. काळुरामनं पहिला गिअर टाकला आणि जीप कडेकडेनं रेटली. बायजाबाई बिचारी बांधाच्या काठावर टाचा रोवून उभी राहिली. जीप तिच्या लुगड्याला घासून पुढं गेली. मूठभर मीठ चिखलात सांडलं.

"बघितलंत, काका? चार बोटं जागा होती नुसती. पण काढली की नाय?"

"काढलीस." काका समोर बघत होते. "लेहच्या रस्त्यावर कडेला दगड हायेत, नावं कोरलेले. ते पण सगळे गाडी काढणारेच होते. थांबव. उतर."

काळुरामचं तोंड उतरलं. संपलं, असंच त्याला वाटलं. पण काकांनी लंगडत जाऊन बायजाबाईची टोपली उतरवून घेतली आणि चुंबळीसकट त्याच्या डोक्यावर ठेवली.

"पन्नास पावलं पुढं जा. मग वळ आणि इकडं ये. बायजाबाई, तू बस गो गाडीत."

बायजाबाईला पहिल्यांदा कळेचना. मग ती पदर खोचून ऐटीत पुढच्या सीटवर बसली.

पन्नास पावलांत काळुरामची मान भरून आली. तो वळला, तर काकांनी जीप सोडलेली. हॉर्न वाजवत ती सरळ त्याच्या अंगावर येत होती. हात वर करावा तर दोन्ही हात टोपलीला. खाली बघावं तर मान वाकत नाही. तो काठाला सरकला आणि टाचेखालचं एक ढेकूळ निखळून चिखलात पडलं. काळुराम घाबरला, चांगलाच घाबरला.

"काका! ओ काका!"

जीप हातभर अंतरावर थांबली. काचेमागं बायजाबाई हसत होती, काका हसत नव्हते. मग त्यांनी रिव्हर्स टाकला आणि जीप सुतासारखी सरळ मागं गेली, थेट बांधाच्या तोंडापर्यंत. काळुराम टोपली सावरत तिच्यामागोमाग चालत राहिला.

तिथं मिठाच्या राशीवर त्यानं टोपली रिती केली आणि मान चोळत उभा राहिला. बायजाबाई उतरली, आपली टोपली उचलली आणि म्हणाली, "नाओमीला सांगा काका, झ्याक हाय गाडी."

काकांनी किल्ली काळुरामपुढं धरली. "परत चालव."

जीप पुन्हा बांधावर चढली. आता काळुराम हळू चालवत होता. निम्मा बांध सरला असेल नसेल, तोच लांब, उन्हाच्या तिरिपेत कोणीतरी येताना दिसलं. बाई की बाप्या, ओळखू येत नव्हतं. काळुरामनं गाडी थांबवली, मान मागं वळवली आणि रिव्हर्स टाकला. हॉर्नला हात लावला नाही.

"अरे, कोण हाय ते बघ तरी आधी," काका म्हणाले. "रिकामं असंल."

"असंल की." काळुरामची नजर मागच्या वाटेवरच होती. "पण मला इथनं काय कळतंय?"

जीप थोडी वाकडी, थोडी सरळ, मागं मागं जात राहिली. बांधाचं तोंड जवळ आलं तेव्हा काकांनी हळूच विचारलं,

"स्वेटर एकच घेतलायस?"

"व्हय."

"दुसरा पण घे. तिथं एकानं भागत नाय."