अमेरिकेचे थेंब

"हे मी डोळ्यात घालणार नाही," रघुनाथराव म्हणाले आणि त्यांनी इवलीशी बाटली परत सुनेच्या हातात कोंबली.

शैलजाने अजून चपलाही काढल्या नव्हत्या. दुपारी चंदीगडमधला कर्फ्यू जरा सैल झाला तशी ती धावत मार्केटला गेली होती. नाक्यावर जवानाने तिची पिशवी रस्त्यावर उलटी केली. केमिस्टच्या दारात ही झुंबड. त्यातून तिने हे थेंब मिळवले होते. काचबिंदूने सासऱ्यांचा उजवा डोळा कधीच नेला होता. डावा तेवढा थेंबांवर टिकून होता.

"का नाही घालणार, मामंजी?"

"डेराबस्सीला केलंय म्हणालीस ना हे. इथे पलीकडे! माझं औषध अमेरिकेतून येतं."

"औषध तेच आहे. तिकडे पेटंट आहे, म्हणून एकच कंपनी करते. आपल्याकडे वेगळ्या रीतीने केलं की चालतं."

"म्हणजे चोरलेलं. जन्मभर कोर्टात नोकरी केली मी. चोरीचा माल डोळ्यात घालू?"

"अहो, कायद्यानेच मुभा दिली आहे!"

"कायदा मला शिकवू नकोस. वीणाने पाठवलेली बाटली कपाटात आहे, ती आण."

शैलजाने कपाळावर हात मारला. नणंदेने अमेरिकेहून पाठवली तेव्हा ती बाटली ताजी होती. पण परदेशी वस्तू आली की लगेच फोडायची नाही, हा या घरचा रिवाज. साबण, अत्तर, चॉकलेटं, सगळं असंच जपून जपून वाया गेलं होतं. आधीच्या बाटल्या संपेपर्यंत हीही स्वेटरांच्या घडीत जाऊन बसली.

"तिची तारीख उलटून गेली, मामंजी."

"तारखा कंपन्या माल खपवायला छापतात. थंड हवेत औषध टिकतं."

"मे महिन्यात चंदीगडला थंड हवा?"

"आण म्हणतो ना!"

तिने बाटली आणून त्यांच्या तळहातावर आपटली. "घ्या. तुम्हीच वाचा तारीख."

रघुनाथराव खिडकीशी गेले. बाटली डोळ्याजवळ धरली, लांब नेली, पुन्हा जवळ आणली.

"हे बघ," ते ठसक्यात म्हणाले, "पुढच्या वर्षीचा मार्च. स्वच्छ लिहिलंय."

लेबल शैलजाच्या बाजूला होतं. त्यांच्या बाजूला नुसतं पांढरं प्लॅस्टिक.



"हो की," ती म्हणाली. "माझंच चुकलं. बसा, मान मागे करा."

त्यांच्या हातातली बाटली तिने काढून घेतली, बाजूला ठेवली आणि डेराबस्सीच्या बाटलीचं सील फोडलं. थेंब पडला. रघुनाथरावांनी डोळा मिटून घेतला.

"बघ," ते समाधानाने म्हणाले, "अमेरिकेचं औषध झोंबतसुद्धा नाही."