आजोबा गायब होतात तो भाग

“पुतळे!” दिग्दर्शक ओरडला आणि जेवणाच्या टेबलाभोवतीची चौघं होती तशी थिजली. आईच्या हातातला डाव हवेत राहिला, भावाचा घास तोंडाशी. चेटकिणीची कांडी आजोबांच्या छातीवर रोखलेली. “कॅमेरा बंद. उठा आजोबा, झालात तुम्ही गायब.”

आजोबा उठेनात. “उठतोय हो. या वयात गायब व्हायलाही वेळ लागतो,” असं म्हणत त्यांनी चहाच्या कपावरची बोटं आणखीच आवळली.

मॉनिटरसमोर बसलेल्या भिंगताईने मान खाली घातली. सेटवर सगळे तिला याच नावाने हाक मारत, कारण कॅमेरा थांबण्याआधीचं आणि नंतरचं दृश्य तंतोतंत जुळतंय की नाही, हे बघणं तिचं काम. आजोबांवर मालिकेतून जायची वेळ तिच्यामुळेच आली होती.

शाळकरी चेटकिणीची ही विनोदी मालिका गाजत होती, पण तिच्यातल्या उणिवा त्याहून जास्त गाजत होत्या. प्रेक्षक त्या हौसेने वेचून काढत. पोरगी चुटकीसरशी गायब होते, मग शाळेची बस चुकली म्हणून रडते कशाला? विनोद व्हायच्या आधीच हशा कसा पिकतो? सगळी जादू जेवणाच्या टेबलावरच का होते? (दुसरा सेटच नव्हता.) पण खरी खिल्ली उडे ती आजोबांच्या चहाची. चेटकीण गायब होण्याआधी चहावर बारीक लाटा उठलेल्या असत आणि ती गायब होताच चहा आरशासारखा सपाट. म्हणजे मध्ये कॅमेरा थांबवला, पोरगी उठून बाहेर गेली आणि बाकीचे पुतळ्यासारखे बसून राहिले, हे कुणालाही कळे. जादूचा पार फज्जा.

कप काढून टाकायची सोय नव्हती. चहाची कंपनीच मालिकेची प्रायोजक होती.

भिंगताईला या कोड्याने झपाटलं. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकताना ती जशी लोलकाकडे एकटक बघत बसायची, तशी ती जुने भाग लावून चहाकडे बघत बसली. जिथे लाटा होत्या, तिथे कपावरची आजोबांची बोटंही थरथरत होती. दर वेळी. तिने दिग्दर्शकाला तसं सांगितलं. कॅमेरा बंद असतो तेवढ्यात आजोबा हात सावरून घेतात, म्हणून नंतर चहा शांत दिसतो, असंही सांगितलं. आजोबांना विचारलं तर त्यांनी एका झटक्यात कबूल केलं. “वय झालं, साहेब.” इतक्या झटक्यात, की तिला जरा नवल वाटलं. पण मोजमाप जुळत होतं, मग तिने पुढे पाहिलं नाही.

दिग्दर्शक मनाने वाईट नव्हता, फक्त सतत घाईत असायचा. “चेटकीण चुकून आजोबांना गायब करते, परत आणायचा मंत्र तिला सापडत नाही, विषय संपला,” तो म्हणाला होता. पहिल्या चेटकिणीलाही त्याने असंच झटपट काढलं होतं, कॅमेऱ्याला घाबरते म्हणून. ही दुसरी मात्र त्याच्या पसंतीची. “हिच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नाही बघा,” असं तो येईल-जाईल त्याला कौतुकाने सांगे.

“आजोबा, चला ना आता!”

आजोबांनी कपावरून एकेक बोट उचललं. उठले आणि दिव्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. कॅमेरा पुन्हा सुरू झाला. “अगंबाई, कुठे गेले हे?” आईने डाव खाली टाकला.

रिकाम्या खुर्चीसमोर कप बशीत किणकिणत होता.

तो थांबेना. चहा हिंदकळला, बशीत सांडला. “कट” म्हणायला उघडलेलं दिग्दर्शकाचं तोंड उघडंच राहिलं.

भिंगताई मॉनिटरला नाक टेकवायचीच बाकी होती. हात नाही आणि लाटा आहेत. म्हणजे तिने दोन गोष्टी एकत्र हलताना पाहिल्या आणि त्यातली एक बिनदिक्कत कारण म्हणून धरली. हात कपाला हलवत नव्हता; हलणारा कप दाबून धरत होता. मग आजवर लाटा थांबायच्या त्या कशाने? दर वेळी टेबलावरून एकच माणूस उठून जायचं. आज ते माणूस बसलेलं होतं.

ती उठून टेबलाशी गेली आणि टेबलक्लॉथची कड उचलली. वर चेटकीण गोड हसत होती, कांडी जागच्या जागी. खाली तिचे पाय लटलट कापत होते आणि गुडघे टेबलाच्या दांडीवर आपटत होते.

“काय आहे खाली, भिंगताई?” दिग्दर्शकाने विचारलं.

ती काही बोलायच्या आत आजोबा लगबगीने आले आणि त्यांनी कपावर हात ठेवला. “माझंच चुकलं, साहेब. उठताना टेबलाला धक्का दिला मी. पुन्हा होतो गायब.”

चेटकीण भिंगताईकडे बघत होती. हसू तसंच, डोळे मात्र भरून आलेले.

भिंगताईने कड सोडून दिली. “टेबल डगमगतंय,” ती म्हणाली. तेवढं तर खरंच होतं. “आजोबांचा हात ठणठणीत आहे. माझं निदान चुकलं. टेबलाचे पाय जमिनीला स्क्रूने आवळून टाका. आजोबांना घालवायचं काही कारण नाही.”

“एका टेबलापायी मी आजोबांचा बळी देत होतो?” दिग्दर्शकाने कपाळावर हात मारला. “सुताराला हाक मारा रे कुणीतरी!”

सुताराने चारही पाय जमिनीला जखडले. टेबल हलवून पाहिलं, ते तसूभर हललं नाही. आजोबा आपल्या खुर्चीत येऊन बसले, कप पुढ्यात ओढला आणि शेजारी बसलेल्या पोरीच्या कानाशी झुकले.

“चल गं चेटकिणी, आता घाबर हवं तेवढं.”