देण्यांच्या यादीतली बहीण

क्रेडिट कार्ड कंपनीने थकबाकीसाठी कोर्टातून निकाल मिळवून माझ्या धाकट्या भावाचा, वेंडलचा, पगार कापायला लावला, तेव्हा त्याने दिवाळखोरीचा अर्ज केला. अर्जात सगळीच देणी लिहावी लागतात, म्हणून बिचाऱ्याने माझ्याकडून उसने घेतलेले चार हजार डॉलरही लिहिले. मी ते मागेन या धास्तीने सहा वर्षं तो थँक्सगिव्हिंगच्या सणाला आमच्याकडे जेवायला फिरकला नव्हता.

परवा मलाही कोर्टाचं पत्र आलं. कंपनीचा तो निकाल रद्द, त्याच्याकडची माझ्यासकट सगळ्यांची देणी माफ, यापुढे कुणीही वसुलीसाठी त्याच्या मागे लागायचं नाही. मी तडक फोन लावला.

"डोलोरेस, अगं, तुझे ते पैसे..." तो चाचरला.


"गप रे! पैशांचं नाव काढायला कोर्टाने बंदी केलीय मला. आता तरी जेवायला ये, मेल्या!"