घोडीचा गुडघा

अध्यक्षसाहेब, तुमची घोडी जत्रेच्या शर्यतीत पडली न्हाई, तुमी पाडली.

गुडघ्याला सांध्याचा रोग, म्हणून हिंगोलीच्या डॉक्टरनं तिला सहा महिने नुसतं चालवायला सांगितलं होतं. तिला सांभाळणारे सटवाजी हात जोडून म्हणले, "मालक, दुसराच महिना हाय. आता कुठं लंगडणं कमी झालंय." तुमी हसलात. "सुई टोच, दुखणं दबंल. जनावरच हाय ते!" घोडी पहिली आली आणि तिथंच पडली, ती पुन्हा उठली न्हाई.

बक्षिसाची ढाल घ्यायला मात्र तुमी मंचावर चढला न्हाईत. "खालीच आणा, माह्या गुडघ्याला तकलीफ हाय," म्हणलात.

 

तीच सुई टोचून घेऊन काहून न्हाई चढलात? जवाब द्या.