नावं पुसलेले व्हिडिओ

डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का, असं स्क्रीन विचारत होता.

"विचारतोय तर हो म्हण की," सासूबाई म्हणाल्या.

मृण्मयीने माउसवरचा हात झटकन काढला. हो म्हटलं की लेकीचे, शाल्मलीचे, जन्मापासूनचे व्हिडिओ गेलेच म्हणायचे. फोनमध्ये जागा उरली नाही म्हणून ती ते सकाळी डिस्कवर हलवत होती, आणि दसऱ्याच्या पूजेत मांडायला सासूबाईंनी चालू डिस्कचीच वायर उपसली होती. वर हळदकुंकूही वाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीच्या दुकानातल्या नसरीनताईंनी डिस्क तपासली. "व्हिडिओ आत शाबूत आहेत हो. कुठे काय ठेवलंय ती यादी तेवढी बिघडलीय. सगळे काढून देते, पण नावं-तारखा नाही मिळायच्या."

मृण्मयीचा जीव भांड्यात पडला, तरी चेहरा उतरलेलाच राहिला. पालथी कधी पडली, बसली कधी, सगळं तिने फाइलच्या नावातच लिहिलं होतं. आता शेजारची तिच्याएवढी मुलं घडाघडा बोलत होती आणि शाल्मली अजून गप्पच, ही धास्ती होतीच.

संध्याकाळी परत मिळालेले व्हिडिओ घेऊन घरी येऊन तिने हाताला येईल तो लावला. शाल्मली दुडुदुडु चालत होती. पुढच्यात ती गादीवर उताणी, आणि मागून मृण्मयीचाच रडवेला आवाज : "अजून पालथी कशी पडत नाही हो ही?"

मृण्मयी हसतच सुटली. "आई, या ना इकडे! बघा, मी कशी वेड्यासारखी बोलतेय!"

आज शाल्मली काही बोलली का, हे सासूबाईंना रोजच्यासारखं विचारायचं त्या दिवशी राहूनच गेलं.