वेंडेलचं नवं धनुष्य

"आणखी दहा दिवस," फोन खाली ठेवत वेंडेल म्हणाला. "धनुष्याचा सरस अजून ओला आहे म्हणतो."

"मागच्या सोमवारीही ओलाच होता," पावावर चरबी फासत गेझा म्हणाला. गेझा त्याचा मेव्हणा. नाश्त्याला येई आणि दुपारचं जेवूनच जाई. "दाजी, बार्नाबाश तुम्हाला गंडवतोय."

"छे. मूठ मॅपलची नको, अक्रोडाची कर, असं मीच कळवलं होतं. थोडा उशीर व्हायचाच."

सप्टेंबरचा पहिला आठवडा सरला होता. टेकड्यांवर हरणांचे नर माद्यांसाठी ओरडू लागले होते, आणि त्या सगळ्यांत वरचा आवाज होता बिशपचा. अठरा टोकांची शिंगं आणि चालण्यातला डौल पाहून गावानेच त्या नराला हे नाव दिलं होतं. शिकारी मंडळाने यंदा त्याचा परवाना दोनच तिरंदाजांना दिला होता, वेंडेलला आणि धनुष्यं करणाऱ्या बार्नाबाशला. मुदत तीस सप्टेंबर.

सलग तीन वर्षं मंडळाच्या भिंतीवर बार्नाबाशचीच शिंगं चढली होती. शेजारी वेंडेलने मोठ्या उमेदीने स्वतःचा एक खिळा ठोकून ठेवला होता. त्यावर लोक टोप्या अडकवत.

"शर्यत ज्याच्याशी, घोडा त्याच्याकडूनच मागवलात," गेझा म्हणाला. "तो कशाला वेळेवर देईल?"

"मग जुनं धनुष्य घेऊन जा ना," स्वयंपाकघरातून इर्मा म्हणाली. "वीस वर्षं चाललंय ते."

"ते राखीव आहे."

वेंडेलची सगळी नोकरी छोट्या रेल्वे स्टेशनवर गेली होती. तिथे एक कंदील पेटला की दुसरा भरून तयार ठेवायचा. निवृत्तीनंतरही ही सवय गेली नव्हती.

"दोन टॉर्च, दोन थर्मास, दोन रेनकोट," इर्मा भावाला म्हणाली. "बायको तेवढी एकच ठेवलीय, म्हणून वेळेवर मोजे सापडतात."

पुढच्या आठवड्यात गेझाने त्याला ओढतच बार्नाबाशच्या कारखान्यात नेलं. चोर रंगेहाथ पकडू, म्हणाला.

बार्नाबाश मेजाशी होता. डोळे तांबारलेले, केसांत भुसा. नवं धनुष्य समोर पडलं होतं. त्याचं स्वतःचं मात्र खुंटीवर होतं, दोरी उतरवलेली, वर धुळीचा थर.

"बिशप काल माझ्या द्राक्षमळ्याच्या मागेच ओरडत होता," तो कळवळून म्हणाला. "इथे बसून ऐकलं नुसतं."

"मग गेला का नाहीस?" गेझाने विचारलं.

"मेजावर दुसऱ्याचं धनुष्य असेपर्यंत आपलं खुंटीवरून काढायचं नाही. आजोबांपासून आमच्या घरात हेच चालत आलंय." मग वेंडेलकडे वळून म्हणाला, "लाज वाटते हो, वेंडेल. पण आता झालंच बघा."

वेंडेलने नवं धनुष्य उचललं, तोललं, गालाशी लावलं आणि उसासा सोडला. "सुरेख झालंय. फक्त वरची भुजा जरा जड वाटते का? की माझाच हात म्हातारा झाला?"

बार्नाबाशने भुजा मापली. पुन्हा मापली. मग त्याने रंधा ओढला.

"आजोबा म्हणे!" बाहेर आल्यावर गेझा म्हणाला. "नाटक नुसतं. पहाटे गुपचूप जात असणार जंगलात."

"असेल बाबा. आपण आपलं राखीवावर भागवायचं."

चोवीस तारखेला वेंडेलने पुन्हा फोन केला. लाखेचा रंग फार चकचकीत नको, हरणाच्या डोळ्यांत भरतो. बार्नाबाशने लाख खरवडून काढली.

अठ्ठावीस तारखेला पहाटे वेंडेल ओढ्यापलीकडच्या ओकखाली उभा होता. मुठीला सायकलची पट्टी गुंडाळलेलं जुनं धनुष्य त्याच्या हातात होतं. धुक्यात बिशप ओरडला. वेंडेलने दोरी जरा ताणून पाहिली आणि ती तुटली.

त्याने शांतपणे टोपी काढली. अस्तरात दुसरी दोरी होती. ती चढवून होईतो बिशप पंचवीस पावलांवर आला होता, मान उंचावून, सगळ्या टेकडीला आव्हान देत. बाण बरगडीमागे बसला. बिशप चाळीस पावलं गेला आणि कोसळला.

दुपारी मंडळाच्या अंगणात सगळं गाव जमलं. कढईत पाप्रिका घातलेलं मटण रटरटत होतं, प्लमच्या दारूचे पेले फिरत होते. भिंतीवरच्या खिळ्यावरून कोणीतरी टोप्या काढून घेतल्या. अध्यक्षांनी ओकची डहाळी बिशपच्या रक्तात बुडवून वेंडेलला दिली. आता रिवाजाप्रमाणे तिचे दोन तुकडे करून, शिकारीत ज्याने मदत केली त्याला अर्धी द्यायची.

"मदत कसली?" गेझा म्हणाला. "कुत्रासुद्धा लागला नाही. दाजींनी एकट्याने मारला, तेही राखीव धनुष्याने."

तेवढ्यात कापडात गुंडाळलेलं नवं धनुष्य छातीशी धरून बार्नाबाश धावत आला. बिशपला पाहून तो जागीच थांबला. मग त्याने टोपी काढली.

"अभिनंदन, वेंडेल. आजच सकाळी लाख वाळली. उशीर झाला. माफ करा."

लोकांनी नजरा वळवल्या. वेंडेलने धनुष्य घेतलं, कापड न सोडताच गेझाच्या हातात दिलं आणि म्हणाला, "राखीव म्हणून ठेव." मग डहाळी मोडली आणि अर्धी बार्नाबाशच्या टोपीत खोवली.

"मला?" बार्नाबाश गोंधळला. "अहो, मी तर महिनाभर जंगलात पाऊलसुद्धा टाकलं नाही."

"म्हणूनच तर," वेंडेल त्याचा पेला भरत म्हणाला. "आणि पुढच्या वर्षी इर्मासाठी एक करायचंय. घाई नाही, ऑगस्टच्या शेवटी सांगतो."