माणशी पन्नास पाउंड

तळ्यावर उतरणाऱ्या त्या छोट्या विमानात माणशी पन्नास पाउंडच सामान चालतं, आणि बापलेक मूस या थोरल्या हरणाच्या शिकारीला अख्खं बेसमेंट न्यायला निघालेले. बांधाबांध दर वर्षीप्रमाणे वसुधाच्याच गळ्यात.

"अगं, निहारचे बाण आधी भर. त्याला केवढी हौस आहे," अरविंद गराजमधून म्हणाले.

"मॉम, डॅडचे ॲरोज विसरू नकोस. डॅड लव्ह्ज धिस," वरून निहार.

"पाच वर्षं फ्रीजर रिकामा करून ठेवतेय मी. येता मात्र हात हलवत," ती करवादली.

चिवड्याचे पुडे ठेवले की दोन्ही बॅगा पन्नासच्या वर जात होत्या. वैतागून तिने दोन्ही उपसल्या. तळाशी बाणांच्या टोकाला बसवायची धारदार पाती होती, ज्यांच्याशिवाय साधा ससाही मरायचा नाही. एक पाकीट बापाचं, एक लेकाचं. पहिल्या वर्षी घेतलेली. दोन्हींचं सील शाबूत.

मग दोन्ही पाकिटं तिने पिठाच्या डब्यामागे ठेवली आणि चिवडा भरला. पाती कुठे गेली, हे विचारायची दोघांपैकी एकाचीही सोय नव्हती.